सारावाक: एका राज्यात शिरायला दोन शिक्के

बाबा २०२२ मधे गेले. पोस्टात होते, सॉर्टिंगला, त्यामुळे आमच्या घरात दागिन्यांपेक्षा पोस्टाची तिकिटं जास्त. कपाटातून तीन अल्बम निघाले ते मी वर्षभर उघडलेच नाहीत, २०२३ च्या दिवाळीच्या साफसफाईत एकदाचे उघडले. दुसऱ्या अल्बममधे एका अख्ख्या पानावर एकच तिकीट होतं. फिकट पडलेलं लाल, मधे एका गोऱ्या माणसाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याच्या छातीवरच म्हणा ना, काळ्या शाईत छापलेला मुकुट आणि खाली इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जची आद्याक्षरं. म्हणजे एका राजाच्या तिकिटावर दुसऱ्या राजाचा शिक्का. खाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलेलं, 'सारावाक. हा देश आता नाही.'

माझा भाचा शेजारी बसून फराळाचा चिवडा खात होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मोबाईलवर बघून लगेच सांगितलं, "मावशी, आहे की. मलेशियाचं राज्य आहे, सगळ्यात मोठं. बोर्निओ बेटावर. विमान जातं तिथे." मी म्हणलं जाऊया मग. तो हसला. मी हसले नाही.

हे सगळं लिहायचं कारण, क्वालालंपूर, लंकावीवर मराठीत ढिगाने लिहिलेलं सापडतं, पण सारावाकला जायचं कसं हे शोधायला गेले तर मला काहीच धड सापडलं नाही. आणि जे ऐकीव होतं ते बहुतेक चुकीचं.

सुरुवात पासपोर्टपासून. माझा डिसेंबर २०२४ ला संपत होता आणि मलेशियाला तुम्ही पोचाल त्या दिवसापासून सहा महिने तरी पासपोर्ट शिल्लक लागतो, म्हणजे ऑगस्टला जायचं तर हा चालणार नाही. एप्रिलमधे रीइश्यूचा फॉर्म भरला, ३६ पानी साधा पासपोर्ट, फी १,५०० रुपये, तत्काळ केला नाही. अपॉइंटमेंट नऊ दिवसांनी मिळाली. तिथे तीन काउंटर, दोन तास, आणि एवढंच विचारलं की पत्ता तोच आहे ना. मे महिन्यात स्पीड पोस्टाने घरी आला. पोस्टमनने सही घेताना बाबांची चौकशी केली, त्याला माहीतच नव्हतं.

मग व्हिसा. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवस व्हिसा माफ केलाय, पण ही सवलत मुदत घालून दिलेली आहे, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा चालू आहे का ते त्यांच्या सरकारी साइटवर बघून घ्या. मी तरीही एका एजंटकडे गेले, कारण माझा स्वतःवर विश्वास नाही. तो म्हणाला मॅडम मलेशिया फ्री आहे, पण सारावाकचं परमिट वेगळं, माणशी साडेचार हजार, आधी काढावं लागतं. मी जवळजवळ पैसे काढले होते. भाच्याने टेबलाखालून पाय दाबला. तर लक्षात ठेवा, साध्या पर्यटकाला सारावाकसाठी भारतातून आधी काहीही काढावं लागत नाही. वेगळी एन्ट्री असते हे खरं आहे, पण ती तिथे विमानतळावर होते आणि फुकट होते. एजंटने अर्ध्या सत्याचे साडेचार हजार लावले होते.

विमानाची तिकिटं जूनमधे काढली. मुंबई-क्वालालंपूर जाऊन-येऊन माणशी २२,४०० पडली. पुढचं वेगळं काढलं, क्वालालंपूर ते कुचिंग (ही सारावाकची राजधानी), आणि परतीला सिबू नावाच्या गावातून थेट क्वालालंपूर, दोन्ही मिळून माणशी साडेसहा हजारांच्या आसपास. बाकी रस्तेही आहेत. सिंगापूरहून कुचिंगला थेट विमान आहे पण मग सिंगापूरच्या व्हिसाचं बघावं लागतं. इंडोनेशियाच्या बाजूने पॉन्टियानाकहून बस येते, तेबेदूच्या नाक्यावरून. ब्रुनेईकडून मिरी नावाच्या सारावाकमधल्या शहराला रस्त्याने येता येतं. आम्ही काही एवढे हौशी नाही.

डिजिटल अरायव्हल कार्ड हा एक प्रकार आहे, ऑनलाइन फॉर्म, पोचायच्या आधी तीन दिवसांच्या आतच भरायचा, त्याआधी घेत नाही. फुकट असतो. पण सर्च केलं की वर वर ज्या साइट येतात त्यातल्या काही पैसे मागतात, दिसायला अगदी सरकारी. आम्ही १० ऑगस्टला रात्री भरला आणि भाच्याने माझ्या पासपोर्ट नंबरमधले दोन आकडे उलटे टाकले, ते सबमिट झाल्यावर कळलं. काय करावं सुचेना, मग परत पहिल्यापासून नवा भरला, काही झालं नाही. दोघांच्या प्रिंट काढून ठेवल्या. मुंबईला चेक-इन काउंटरवर हे कार्ड, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग, तिन्ही बघितलं, त्यामुळे प्रिंट काढाच, मोबाईल ऐन वेळी मान टाकतो.

निघालो सोमवारी १२ ऑगस्टला रात्री. पाच तासांचं विमान, घड्याळ अडीच तास पुढे, मंगळवारी सकाळी क्वालालंपूर, टर्मिनल एक. इमिग्रेशनची रांग एक तास दहा मिनिटं. तिथल्या बाईंनी विचारलं कुठे जाणार, मी म्हणलं कुचिंग. कशाला? आता हिला तिकिटाची गोष्ट काय सांगणार, हॉलिडे म्हणलं. बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला, झालं.

बाहेर येऊन बाकावर बसले आणि पोस्टवाल्याची मुलगी असल्यासारखा तो शिक्का नीट वाचला. त्यावर लिहिलेलं, तीस दिवस राहायची परवानगी, वेस्ट मलेशिया अँड सबाहमधे. वेस्ट मलेशिया म्हणजे क्वालालंपूरची बाजू. सबाह म्हणजे बोर्निओवरचं सारावाकच्या शेजारचं राज्य. सारावाक कुठेच नाही! माझ्या पोटात गोळा आला. भाचा म्हणाला, "मावशी, चुकीचा मारला बहुतेक." परत आत जायला बघतोय तर गार्ड सोडेना. शेवटी चौकशीच्या काउंटरवरच्या मुलाला पान दाखवलं, त्याने बघितलंही नाही नीट, म्हणाला बरोबर आहे, सारावाक स्वतःचा शिक्का स्वतः मारतो. त्याच्या आवाजात थोडा कंटाळा होता, म्हणजे आमच्यासारखे रोज येत असणार.

पुढचं विमान टर्मिनल दोनवरून होतं. ही दोन टर्मिनल शेजारी शेजारी नाहीत, मधे ट्रेन आहे, तीन मिनिटं, दोन रिंगिट. (तेव्हा एक रिंगिट साधारण १९ रुपये.) तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅगा स्वतः घेऊन परत चेक-इन करायचं, म्हणून मधे पाच तास तरी ठेवा. आम्ही पाच ठेवले होते, त्यातले सव्वातीन गेले.

क्वालालंपूर ते कुचिंग पावणेदोन तास, खाली बहुतेक समुद्रच. हे देशांतर्गत विमान आहे बरं का, आपलं मुंबई-नागपूर असतं तसं. आणि उतरल्यावर समोर इमिग्रेशन. आणि त्या रांगेत आमच्यासारखे परदेशी कमी, मलेशियाचेच लोक जास्त. पुढचे काका पेनांगचे होते, हातात ओळखपत्र. मी विचारलं तुम्हालाही? म्हणाले हो, आम्हाला नव्वद दिवस, नोकरी करायची तर वेगळं परमिट. भाचा म्हणाला, "स्वतःच्याच देशात?" काका म्हणाले, "स्वतःच्याच देशात," आणि एवढे खूश होऊन हसले की त्यांना हा प्रश्न सगळे परदेशी विचारत असणार.

आपल्याकडे नागालँड, अरुणाचलला इनर लाइन परमिट असतं ते आठवलं, पण हे त्याच्या पुढचं आहे. १९६३ मधे मलाया, सिंगापूर, सबाह आणि सारावाक मिळून मलेशिया झाला तेव्हा बोर्निओवाल्यांना भीती होती की पलीकडचे लोक येऊन जमिनी, नोकऱ्या सगळं घेतील. १९६२ मधे लोकांचं मत बघायला एक कमिशन फिरलं, कॉबोल्ड कमिशन, त्यांना असं दिसलं की साधारण एक तृतीयांश लोक सरळ तयार आहेत, एक तृतीयांश तयार आहेत पण अटींवर, आणि उरलेल्यांना एकतर आधी स्वातंत्र्य हवंय नाहीतर ब्रिटिशच राहिलेले बरे वाटतायत. सारावाकने अठरा मुद्द्यांची यादी दिली. आमच्या राज्यात कोण येणार ते आम्ही ठरवणार, हा त्यातला एक. म्हणजे काउंटरवरची ती मुलगी माझ्या पासपोर्टवर जे धाडकन मारत होती ते साठ वर्षांपूर्वीच्या वाटाघाटींमधलं कलम होतं. शिक्क्यात सारावाक हे नाव आलं, तीस दिवस. रांग वीस मिनिटं. प्रश्न एकच, हॉटेल कुठलं. हॉटेलचं नाव मला आठवेना, भाच्याने सांगितलं.

व्यवहाराचं एवढंच की क्वालालंपूरला जेवढे दिवस मिळालेत त्याच्या आतच हे दिवस धरायचे, दोन्हींची बेरीज करायची नाही. आणि सारावाकमधून बाहेर पडतानाही पासपोर्ट दाखवावा लागतो, क्वालालंपूरलाच जात असलात तरी, त्यामुळे "डोमेस्टिक आहे" म्हणून तासभर आधी पोचू नका.

हॉटेल नदीपासून सात मिनिटांवर, रात्रीचे ९५ रिंगिट दोघांत, खोलीला खिडकी होती पण ती जिन्यात उघडत होती. असो.

बुधवार १४ ला कुचिंग पायी. छोटं शहर आहे, एका दिवसात पायाखालून जातं. गावभर मांजरांचे पुतळे, कारण मलय भाषेत कुचिंग म्हणजे मांजर, गावाचं नाव त्यावरूनच पडलं का यावर वाद आहेत पण पुतळे उभे राहिलेत. एका रस्त्याचं नाव इंडिया स्ट्रीट, कापडाची दुकानं, आणि दुकानांच्या मधून एक बोळ, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं एवढाच, त्या बोळात मसाल्याच्या दुकानांचा वास घेत आत गेलं की दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी १८३० च्या दशकात बांधलेली मशीद. हळद, जिरं, सुकी मिरची गोणीत उघडी ठेवलेली. भाच्याला म्हणलं बघ, मंडईत आलो.

दुपारी जनरल पोस्ट ऑफिसची जुनी इमारत बाहेरूनच बघितली. १९३१ ची, समोर ओळीने पांढरे खांब, कोरीव माथ्याचे, एखाद्या ग्रीक देवळासारखी. सारावाकवर तीन गोऱ्या राजांनी राज्य केलं, माझ्या तिकिटावरचा चेहरा ज्याचा, त्या तिसऱ्याच्या काळातली. तिकिटाचा फोटो मोबाईलमधे होता तो काढून खांबांसमोर धरला आणि भाच्याने त्याचा फोटो काढला. डोळे भरून आले, उन्हामुळे असं त्याला सांगितलं.

गुरुवारी १५ ऑगस्ट. मुद्दाम तारीख धरून आले नव्हते, सुट्टी जोडून मिळाली एवढंच, पण निघायच्या आधी वाचलं की त्या गोऱ्या राजांमधला पहिला, जेम्स ब्रूक, आपलं जहाज घेऊन कुचिंगला आला तो दिवस १५ ऑगस्ट १८३९. आपला आणि त्यांचा हिशोब एकाच तारखेला, उलट्या बाजूने.

हा माणूस जन्मला आपल्याकडे, बनारसजवळ, १८०३ मधे, बाप ईस्ट इंडिया कंपनीचा न्यायाधीश. स्वतः कंपनीच्या फौजेत होता, आसाममधे ब्रह्मी युद्धात जखमी झाला. पुढे वडिलांचे तीस हजार पौंड वारशाने मिळाले त्यातून रॉयलिस्ट नावाचं जहाज घेतलं. कुचिंगला पोचला तेव्हा हा मुलूख ब्रुनेईच्या सुलतानाचा होता, अँटिमनी या धातूच्या खाणी होत्या, आणि सुलतानाच्या माणसांविरुद्ध बंड चालू होतं. ब्रूकने बंड मोडायला मदत केली आणि बदल्यात १८४१ मधे सारावाकचा कारभार मिळवला. एक इंग्रज माणूस खासगीत राजा झाला! कंपनी नाही, सरकार नाही, तो एकटा. नंतर थोडा थोडा करत ब्रुनेईचा मुलूख गिळत गेले, आज नकाशावर ब्रुनेई केवढासा उरलाय आणि तोही दोन तुकड्यांत, मधे सारावाकचं लिंबांग घुसलंय, ते बघा म्हणजे कळेल.

त्याचा किल्ला बघायला नदी ओलांडायची. म्हणजे किल्ला त्याचा नाही, दुसऱ्या राजाचा, चार्ल्सचा, १८७९ चा, बायकोच्या नावाने फोर्ट मार्घेरिटा. पूल आहे पण पुलावरून जाऊ नका. छताची लाकडी होडी असते, तंबांग, एक रिंगिट, होडीवाला पुढच्या टोकाला उभा राहून एकच वल्हं मारतो आणि होडी तिरकी तिरकी बरोबर धक्क्याला लागते. पाणी चहासारखं. वर बसलं की नळ्यांना डोकं आपटतं, मी दोन्ही वेळा आपटलं.

किल्ल्यात ब्रूक घराण्याचं छोटं संग्रहालय केलंय. चांगलं मांडलंय पण मला मधेमधे खटकत होतं, कारण राजे बरेच प्रेमाने रंगवलेत. १८४९ मधे जेम्स ब्रूकने बेतिंग मारूला समुद्री चाच्यांच्या नावाखाली केवढी माणसं मारली, त्यावर पुढे सिंगापूरला चौकशी कमिशन बसलं, निर्दोष सुटला. रेंताप नावाचा इबान जमातीचा सरदार वर्षानुवर्षं याच्याशी लढला. १८५७ मधे बाऊच्या सोन्याच्या खाणीतले चिनी कामगार रात्री कुचिंगवर चालून आले तेव्हा ब्रूक नदीत उडी मारून पळाला, आणि मग सूड घेतला तो भयंकर. अठराशे सत्तावन्न, बघा! मी वर्ष वाचून भाच्याला कोपर मारलं.

पण भाच्याला भलतंच आवडलं होतं. जेम्स ब्रूकने लग्न केलं नाही, आणि गादी गेली बहिणीच्या मुलाला. आधी थोरल्या भाच्याला देणार होता, त्याच्याशी बिनसलं, त्याला हाकललं आणि धाकट्याला दिली, तोच हा चार्ल्स, १८६८ ते १९१७, जवळजवळ पन्नास वर्षं. "मावशी, भाच्याला राज्य मिळालं," असं तो दिवसभर म्हणत होता. म्हणलं आधी बॅकलॉग काढ.

पहिलं तिकीट चार्ल्सच्याच काळात, १८६९ मधे निघालं, त्यावर चेहरा मामाचा. तिसरा राजा व्हायनर, चार्ल्सचा मुलगा, तो माझ्या तिकिटावरचा.

त्याच दिवशी बोर्निओ कल्चर्स म्युझियम. २०२२ चं नवं, पाच मजली, परदेशी लोकांना तिकीट बरंच महाग आहे तरी घ्याच, आणि चार तास ठेवा, आम्ही दोनच ठेवले होते. खायचं म्हणाल तर मी मासे खाते, बाकी काही नाही, आणि इथे कोलो मी नावाच्या नूडल्सवर सहसा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. मिदीन नावाची जंगली नेच्याची भाजी मिळते, कोवळी, कुरकुरीत, आपल्या रानभाज्या खाणाऱ्याला आवडेलच, फक्त ती बेलाचानमधे म्हणजे सुकवलेल्या कोळंबीच्या गोळ्यात परततात, शुद्ध शाकाहारी असाल तर लसणात करून मागा. तीन थरांचा थंड चहा प्या, खाली ताडगूळ, मधे दूध, वर चहा. मातांगच्या डोंगरावर जंगलात एक मारिअम्मन मंदिर आहे, चार्ल्सने चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी आणलेल्या तमिळ मजुरांनी बांधलेलं, मळे बंद पडल्यावर जंगलाने गिळलं आणि कित्येक वर्षांनी परत सापडलं. जायचं फार मनात होतं. चढ आहे म्हणाले, माझे गुडघे नाही म्हणाले.

शुक्रवारी १६ ला बसने सिबू. कुचिंग सेंट्रल हे बसस्टँड गावात नाही, विमानतळाजवळ आहे, गाडी करून जावं लागतं. तिकीट ६० रिंगिट, सीट ऐसपैस, एसी एवढा की मी साडीच्या पिशवीतली शाल काढली. सात तास. रस्ता मोठा करायचं काम जागोजागी चालू, मधेच काळ्या मिरीच्या बागा, मधेच लाँगहाउस, म्हणजे एकाच छपराखाली चाळीसारखी ओळीने घरं आणि पुढे सगळ्यांचा मिळून एकच लांब व्हरांडा. चाळीत वाढलेल्या माणसाला ते बघून काही वेगळं वाटत नाही, गॅलरीत कपडे वाळत होते.

सिबूला कोणी पर्यटक का येतो असं हॉटेलवाल्याने विचारलं. रजांग नदीकाठचं गाव, १९०१ मधे चीनमधून आलेल्या फुचो लोकांनी वाढवलेलं, तिळाची गोल पावं मिळतात कोंपिया म्हणून, गरम असताना खायची. पण मी आले होते ते व्हायनरच्या छातीवर तो मुकुट कसा आला याचं दुसरं टोक बघायला.

झालं असं. डिसेंबर १९४१ मधे जपानी आले तेव्हा व्हायनर देशात नव्हताच, ऑस्ट्रेलियात होता. युद्ध संपल्यावर त्याने राज्य ब्रिटिश सरकारला देऊन टाकायचं ठरवलं. मे १९४६ मधे तिथल्या कौन्सिलमधे मतदान झालं, शेवटचं मत १९ विरुद्ध १६. त्या एकोणिसात गोरे अधिकारीही होते, त्यांची मतं काढली तर पारडं उलटं. १ जुलै १९४६ ला सारावाक ब्रिटिश वसाहत झाली. नवी तिकिटं छापून येईपर्यंत जुन्या राजाच्या तिकिटांवर जॉर्जचा मुकुट छापून १९४७ मधे विकायला काढली. बाबांकडे आलं ते त्यातलं एक. आपल्याकडे १९४७ ला काय चालू होतं आणि तिथे काय.

मलय लोक चिडले, शेकडो शिक्षकांनी राजीनामे दिले. ३ डिसेंबर १९४९ ला नवा गव्हर्नर डंकन स्टुअर्ट पहिल्यांदा सिबूला आला, पदावर येऊन महिनाही झाला नव्हता, स्वागताच्या गर्दीतून रोस्ली धोबी नावाचा मुलगा पुढे आला आणि भोसकलं. जेमतेम सतरा वर्षांचा. गव्हर्नर आठवड्याभराने सिंगापूरला वारला. २ मार्च १९५० ला रोस्लीला कुचिंगच्या तुरुंगात फाशी दिली आणि तुरुंगातच पुरलं. एकूण चौघं फासावर गेले. चाफेकरांच्या प्रकरणातही चौघंच, तीन भाऊ आणि रानडे. मराठी माणसाला हे आठवल्याशिवाय राहत नाही, मलाही बसमधेच आठवलं होतं.

१९९६ मधे, २ मार्चलाच, त्याचे अवशेष सिबूला आणून मानाने पुरले. शनिवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. मोठी मशीद, शेजारी कबरस्तान, छपराखाली थडगी. पायऱ्यांशी चपला काढल्या. एक म्हातारे गृहस्थ पालापाचोळा झाडत होते, त्यांनी खुणेनेच विचारलं कुठून, इंडिया म्हणलं, त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि बोटाने नाव दाखवलं, ओळीत कुठलं ते. भाषा दोघांनाही येत नव्हती. थोडा वेळ उभे राहिलो. नंतर त्यांनी परत झाडायला घेतलं, मग आम्ही निघालो.

गावात जागोजागी झेंडे लागत होते, ३१ ऑगस्ट जवळ आला होता, मलेशियाचा स्वातंत्र्यदिन. पण तो १९५७ चा, मलायाचा. सारावाक त्यात नव्हताच. सारावाकचा स्वतःचा दिवस २२ जुलै, १९६३ ला त्या दिवशी स्वतःचा कारभार मिळाला, आणि मग १६ सप्टेंबरला मलेशियात गेले. जेवणाच्या ठिकाणी टेबलावर बसलेल्या मुलीला मी विचारलं तुमचा खरा दिवस कुठला, ती म्हणाली सुट्टी तिन्हींची मिळते.

पोस्ट ऑफिस शनिवारी सकाळी उघडं होतं. स्वतःलाच ठाण्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं. छान मोठं तिकीट लावा असं हातवारे करून सांगितलं, मुलीने मशीनमधून छापील पांढरी चिठ्ठी काढून चिकटवली. तिकीट नाहीच!

रविवारी १८ ला सिबूच्या विमानतळावर सारावाकचा बाहेर पडायचा शिक्का, क्वालालंपूर, रात्रीचं विमान, सोमवारी पहाटे मुंबई. राखीपौर्णिमा होती, भाचा बॅग टाकून बहिणीकडे पळाला.

खर्च दोघांचा मिळून सगळा धरून, विमान, हॉटेलं, बस, खाणं, म्युझियमं, एक लाख पाच हजार, त्यात पासपोर्टचे दीड हजार नाहीत आणि मिरीची चार पाकिटं आहेत.

पोस्टकार्ड २४ सप्टेंबरला आलं, पोस्टमननेच हातात दिलं. चिठ्ठीवरचा शिक्का पाण्याने फुटलाय, भिंगातून बघितलं तर गावाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी लागतात. अल्बममधे त्या पानावर अजून बरीच जागा आहे, पण कार्ड आडवं बसत नाही आणि उभं लावलं तर बाबांचं पेन्सिलीतलं झाकलं जातं, म्हणून सध्या नुसतं मधे खोचून ठेवलंय.